शस्त्रविक्रीचं दुकान: शटर भक्कम असूनही होणाऱ्या या चुका टाळा

सुरक्षेचा विषय निघाला की शस्त्रविक्रेता आधी शटर दाखवतो. चोर मात्र शेजारच्या बंद गाळ्याची सामाईक भिंत, पोटमाळ्याचा पत्रा किंवा मागच्या बोळातली खिडकी बघतो. महिन्यातून एकदा तरी दुकानाला बाहेरून चक्कर मारा. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, गल्ल्याखाली ठेवला असेल तर तो आजच हलवा, नाहीतर चोरासोबत चित्रणही जाईल.

रात्री बंदुका काचेच्या कपाटातच राहू देणं ही मोठी चूक. त्या तिजोरीत ठेवा, काडतुसं दुसऱ्या तिजोरीत. दुनळी बारा बोअर बंदुकीची नळी सहज सुटते. ती वेगळ्या कुलपात ठेवली तर चोराच्या हाती नुसता दस्ता लागेल.

पण माझ्या मते खरी जोखीम ठेवीच्या शस्त्रांत आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार परवाना संपला, रद्द झाला किंवा अन्य कारणाने शस्त्र बाळगणं बेकायदा ठरलं, तर ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तेव्हा जादा शस्त्रं जमा करण्यासाठीही हेच मार्ग होते. निवडणुका आल्या की जमा होणाऱ्या शस्त्रांत भर पडते, आणि महाराष्ट्राने २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही पाहिल्या. अशा गर्दीत दुसऱ्याची बंदूक विक्रीच्या मालात मिसळते, चिठ्ठीचा दोरा तुटतो, मालक वारतो आणि वारस वर्षानुवर्षं फिरकत नाहीत. एखादी नाहीशी झाली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ठेवीचं कपाट वेगळं ठेवा आणि दर आठवड्याला नळीवरचा क्रमांक स्वतः वाचून रजिस्टरशी ताडा. हे काम नोकरावर सोडू नका.

काडतुसांचंही तसंच. महिनाअखेरीला मोजली तर कमी पडलेली पाच काडतुसं कोणत्या दिवशी गेली, हे कळणार नाही. रोज शटर ओढण्यापूर्वी मोजा. फरक निघाला तर पुढच्या नोंदीत 'जुळवून' घेण्याचा मोह आवरा. शस्त्र किंवा काडतूस गहाळ झालं तर लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. उशीर झाला की चोरीचा बळीच संशयित ठरतो.

परवान्यावरचा शिक्का पाहून माल देणं ही तर घातक सवय. जम्मू-काश्मीरमधला शस्त्र परवान्यांचा घोटाळा सीबीआयच्या तपासापर्यंत गेला. तिथे सरकारी कार्यालयांतूनच अपात्र लोकांना परवाने दिल्याचा आरोप आहे. कागद अस्सल दिसला म्हणून भागत नाही. युआयएन, म्हणजे परवानाधारकाचा राष्ट्रीय नोंदीतला ओळख क्रमांक, तपासा, परवाना परराज्यातला असेल तर तो देणाऱ्या कार्यालयाकडून खात्री करून घ्या. गिऱ्हाईक घाई करत असेल तर त्याला उद्या बोलवा. एक विक्री हुकली तरी चालेल.