राउटर बदलण्याआधी थांबा: घरच्या वायफायमध्ये या चुका टाळा

"दादा, शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा केला, तरी बेडरूममध्ये नेट येत नाही. नवीन राउटर कुठला घेऊ?" हा फोन मला नाशिकच्या सिडकोतून येतो, इंदिरानगरातून येतो, पाथर्डी फाट्याच्या नव्या सोसायट्यांमधून तर सारखा येतो. मी राउटरचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, आत्ताचा कुठे ठेवलाय? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: टीव्हीच्या युनिटमध्ये, खालच्या कप्प्यात, सेटटॉप बॉक्सच्या मागे.

कनेक्शन द्यायला आलेला मुलगा वायर जिथून घरात येते तिथेच डबा ठोकतो, कारण त्याला अजून चार घरं उरकायची असतात. त्याला थांबवायचं काम आपलं आहे. फायबरची वायर आणखी दहा-पंधरा मीटर आत न्यायला काहीच अडचण नसते, आणि ते सांगायची वेळ तो ड्रिल काढण्याआधीची. राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर हवा. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, फिशटँक यांच्या आड नको. दिसायला बरं दिसत नाही म्हणून लोक तो कपाटात कोंडतात, त्याचा मला खरंच राग येतो. आपण पंखा कपाटात लावतो का?

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याचं उदाहरण सांगतो. दगड-चुन्याच्या भिंती, जाडी हातभर. राउटर ओसरीवर आणि मुलीचा ऑनलाइन क्लास माजघरात. त्यांनी दोन रिपीटर घेतले होते आणि दोन्ही माजघरातच लावले होते, जिथे मुळात सिग्नल मरत होता. रिपीटर स्वतःचं काही तयार करत नाही, त्याला जे मिळतं तेच पुढे देतो. त्यात साधा रिपीटर एकाच रेडिओवर घेतो आणि त्याच रेडिओवर देतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. मी दोन्ही काढले. दाराच्या वरच्या झरोक्यातून लॅनची (इथरनेट) एक वायर माजघरात नेली आणि तिच्या टोकाला त्यांचाच माळ्यावर पडलेला जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीतून आलेलं नेट फक्त वायफायने पसरवायला, लावला. खर्च फक्त वायरीचा. जाड भिंतीचं घर असेल तर वायर टाका, एवढंच मी सगळ्यांना सांगतो. मेश, म्हणजे एकत्र चालणाऱ्या वायफायच्या डब्यांचा संच, घेतलात तरी त्याचे डबे वायरीने जोडता आले तर जोडाच.

असा जुना राउटर जोडताना एक गोष्ट बघा. दोन्ही राउटर घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायला लागले की गोंधळ होतो: प्रिंटर सापडत नाही, मोबाइलवरून टीव्हीवर काही जात नाही. सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा. नसेल तर दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, त्याचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा ठेवा आणि वायर वॅनमध्ये (बाहेरचं नेट घेणाऱ्या पोर्टमध्ये) नाही, लॅनच्या (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टमध्ये लावा.

स्पीड टेस्टमध्ये ९४ दिसतंय?

या आकड्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. गंगापूर रोडच्या एका बंगल्यात तीनशेचा प्लॅन होता. मुलाने पुण्याहून वायफाय ६ चा महागडा राउटर पाठवलेला. स्पीड ९४. राउटर बदलून आणला, तरी ९४. कंपनीकडे तक्रारी झाल्या, त्यांचं म्हणणं आमच्याकडून बरोबर येतंय. काका अगदी रडकुंडीला आले होते.

कंपनीचं म्हणणं खरं होतं. खाली जिन्याजवळ फायबरचा डबा, म्हणजे बाहेरून आलेली फायबर जिथे संपते ते यंत्र, होता आणि तिथून भिंतीतून वर हॉलमध्ये राउटरपर्यंत लॅनची तांब्याची वायर गेली होती. त्या वायरीत आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. शंभरच्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे हजारच्या वेगाला, चारही लागतात. एखादी जोडी तुटली की बहुतेक यंत्रं कुणाला न सांगता शंभरवर उतरतात, आणि त्यातून प्रत्यक्ष हातात ९४-९५ पडतात. मी भिंतीवरची प्लेट उघडली. केशरी आणि हिरवी जोडी जॅकमध्ये बसवलेली, निळी आणि तपकिरी मागे वळवून वायरीच्या सालीभोवती गुंडाळून ठेवलेली. बंगला बांधताना वायरमनने चार तारांत काम उरकलं होतं.

जॅक काढून नवा बसवला: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दुसरं टोक तपासलं, टेस्टरवर आठही दिवे लागले. टेस्ट लावली तर २८४. काकांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा एकदा स्वतः टेस्ट केली.

तेव्हापासून माझ्या बॅगेत एक मीटरची खात्रीची वायर कायम असते. कुठेही गेलो की आधी त्या वायरीने लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला लावून स्पीड बघतो. तिथे पूर्ण वेग येत असेल तर दोष घरात आहे. याला पाच मिनिटं लागतात, आणि लोक ती पाच मिनिटं वाचवायला तीन-चार हजारांचा राउटर घेऊन येतात.

९४ चं दुसरं कारण राउटर स्वतःच असतो. खोक्यावर एसी १२०० लिहिलंय म्हणून १२०० चा वेग मिळत नाही. वायफायच्या दोन बँडचे, २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, यांची ती बेरीज आहे, पुढच्या शंभरापर्यंत वाढवून लिहिलेली. त्याच खोक्याच्या मागे पोर्ट १००चे असतील तर वायरीतून शंभरच्या वर काही येणारच नाही. शंभरच्या पुढचा प्लॅन असेल तर सगळे पोर्ट गिगाबिट आहेत का एवढं वाचा आणि मग पैसे द्या. अँटेना किती आहेत ते मोजू नका.

बाकीचं थोडक्यात. सोसायटीत २.४ साठी चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच घ्या आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ३ किंवा ४ घेतलात तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी टक्कर होते. मी २.४ आणि ५ ला वेगळी नावं देतो, कारण स्वस्तातले कॅमेरे आणि स्मार्ट बल्ब बहुधा २.४ वरच चालतात आणि एकच नाव असलं की जोडताना अडतात. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडायची सोय, बंद करा. वायफायचा पासवर्ड मोबाइल नंबर नको, आणि राउटरच्या आतला अॅडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. लाइट जाते म्हणून मिनी यूपीएस घेत असाल तर फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही त्यावर हवेत. खालच्या लेबलवर ९ व्होल्ट आहे की १२ ते बघून पिन लावा.

आणि रीसेटचं बटण. नेट गेलं की टाचणी घेऊन ते दहा सेकंद दाबणारे लोक मला दर पावसाळ्यात भेटतात. रीसेट म्हणजे रीस्टार्ट नाही. त्याने कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्ड आणि लाइनचं सेटिंग पुसलं जाऊ शकतं. मग तासाभरात आपोआप आलं असतं ते नेट माणूस येईपर्यंत बंद. एलओएसचा (फायबरचा सिग्नल येत नसल्याचा) दिवा लाल असेल तर बिघाड बाहेरच्या लाइनमध्ये आहे, किंवा फायबरची पिवळी वायर कुठेतरी दुमडली आहे. तक्रार नोंदवा आणि राउटरला हात लावू नका. दिवे ठीक असतील तर स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग चालू करा. मी कनेक्शन लावलं की युजरनेम, पासवर्ड आणि ग्राहक क्रमांक एका कागदावर लिहून मीटरच्या डबीच्या दाराला आतून चिकटवतो आणि घरातल्या मोठ्या माणसाला तो दाखवून मगच निघतो.