गळ्यातला चाकू घ्यावा की खिशातला?

देवगडला आमची हापूसची बाग आहे आणि संध्याकाळी मी समुद्रकाठच्या कातळावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जातो. चाकू दोन्हीकडे लागतो, पण एकच चाकू दोन्हीकडे चालत नाही. दुकानदार पात्याची लांबी सांगत बसतात. मी आधी सांधा बघतो.

खिशातला चाकू घडीचा, त्याचं पातं सांध्यावर मिटतं. गळ्यात दोरीने टांगायच्या चाकूला सांधाच नसतो. पाच-सात सेंटिमीटरचं पातं मुठीत कायमचं बसवलेलं, कडक प्लास्टिकचं म्यान छातीवर उलटं टांगलेलं. खाली ओढला की हातात. एका हातात मासा, बोटं बुळबुळीत आणि तंगूस (गळाची नायलॉनची तार) दगडात अडकलेलं, अशा वेळी घडीच्या चाकूची नखाची खाच शोधून दाखवा! शिवाय सांध्यात रेती आणि खारं पाणी शिरतं, मीठ सुकलं की तो करकरायला लागतो. समुद्रावर म्हणून मी गळ्यातलाच नेतो.

घेताना म्यानाची परीक्षा करा. चाकू आत बसवून, खाली गोणपाट टाकून, म्यान उलटं धरून जोरात झटका. सुटला तर तो चाकू नको. चामड्याचं म्यानही नको, ओल धरून पातं गंजवतं.

दोरीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. नायलॉनची अखंड दोरी गळ्यात घालून होडीत चढलात आणि ती जाळ्यात गुंतली, तर गळफासच. दोरी एका जागी कापून टोकं साध्या सुती दोऱ्याच्या दोन-तीन वेढ्यांनी जोडा आणि हाताने हिसका देऊन बघा. तुटली तरच बरोबर. लांबी छातीच्या हाडापर्यंतच ठेवा, नाहीतर वाकलं की लोंबकळतो. पावसाळ्यात कातळ शेवाळतात, तेव्हा मी तो गळ्यातून काढून कमरेला अडकवतो. आपटलो तर छातीखाली चाकू नको.

बागेत पारडं खिशातल्याकडे फिरतं. आंब्यातला साका, म्हणजे आतून बिघडलेला गर, बाहेरून कळत नाही, फळ कापूनच बघावं लागतं. बाठ्याला लागून एकाच ओढीत काप निघाला तर आतला पांढुरका, बुचासारखा भाग स्वच्छ दिसतो. त्याला आठ-नऊ सेंटिमीटरचं पातळ पातं हवं. गळ्यातल्याचं आखूड, जाडं पातं फळात पाचरीसारखं घुसतं आणि गर चेंगरतो. मुठीचंही तेच. तिथे दोन-तीन बोटंच मावतात, पेट्यांची सुतळी कापता कापता हात भरून येतो. नारळ सोलायला दोन्ही बाजूला ठेवा आणि कोयता घ्या.

घडीचा घेताना पातं पूर्ण उघडून त्याची पाठ लाकडावर दाबा. पातं मिटायच्या वाटेत बोटं ठेवू नका. लॉक सरकला किंवा पातं डावी-उजवीकडे हललं, तर परत द्या. पात्याचं डी-2 नावाचं पोलाद धार छान धरतं, पण आपल्या खाऱ्या हवेत डाग धरतं. पुरेसं क्रोमियम असलेलं स्टेनलेस बरं. तेही समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचंच. घडीचा असेल तर पाण्यातच दोन-चारदा उघडमीट करा, उन्हात वाळवा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल पात्याला चालेल, सांध्यात ते चिकटतं आणि आंब्याच्या चिकाबरोबर त्याचा गोंद होतो.

कायद्याने घरगुती वा शेतीची अवजारं सोडून 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांना परवाना लागू शकतो. हे दोन्ही त्याहून खूप लहान. तरी एसटी स्टँडवर गळ्यातला शर्टाबाहेर मिरवू नका, आणि गोव्यातल्या मोपा विमानतळाहून विमान धरायचं असेल तर कुठलाही चाकू सामानात द्या, केबिनच्या पिशवीत नको.