'तलावांचं शहर' हे बिरूद आलं कुठून, हे शोधायचं कसं

नौपाड्यात मी शाळेतल्या मुलांकडून स्थानिक इतिहासाचे प्रकल्प करून घेते. दरवर्षी एक तरी वही अशी सुरू होते: 'ठाण्याला शिलाहार काळापासून तलावांचे शहर म्हणतात. पूर्वी येथे साठ तलाव होते.' कृपा करून हे तसंच उतरवू नका. तळी किती जुनी आणि बिरूद किती जुनं, हे दोन वेगळे प्रश्न. वहीत दोन्हींना वेगळं पान द्या.

तळ्यांसाठी ठाणे जिल्ह्याचं १८८२चं गॅझेटियर उघडा, इंटरनेटवर फुकट मिळतं. मासुंदा आणि त्याच्या काठचं कोपिनेश्वराचं देऊळ त्यात आहे. शिलाहारांबद्दल लिहायचं तर अरिकेसरीचा १०१७चा ताम्रपट घ्या; १७८७मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना तो सापडला. त्यात नगराचं नाव श्रीस्थानक असं येतं. पण ते दानपत्र आहे: कोणी, कोणाला, कोणती गावं दिली, हा त्याचा विषय. शहर हजार वर्षांचं आहे, एवढं त्यावरून म्हणा. बिरुदाचा पुरावा म्हणून तो पुढे केलेला मला अजिबात चालत नाही.

बिरुदाच्या पानासाठी मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. १८९३ची संस्था आहे, आपल्या गावात आहे, तिचा उपयोग करा. जुनी नियतकालिकं, मंडळांच्या स्मरणिका मागा. अग्रलेखांपेक्षा जाहिराती आणि शुभेच्छांची पानं आधी चाळा. घोषवाक्यं तिथे लवकर उमटतात. उदयपूर, भोपाळलाही हेच बिरूद लावतात, म्हणून 'आपण ते तिकडून उचललं' असं ठासून सांगणारे भेटतील. त्यांच्याकडेही छापील पान मागा.

आता आकडा. १९८२मध्ये महापालिका झाली तेव्हा आजूबाजूची गावं शहरात आली आणि त्यांची गावतळीही आली. आज पस्तीसच्या आसपास तलाव सांगतात, ते या वाढलेल्या हद्दीतले. म्हणून साठ म्हणणाऱ्याला विचारा: कोणत्या साली, कोणत्या हद्दीत? विहिरी, देवळांची कुंडं धरून की सोडून? याचं उत्तर नसेल तर साठ हा आकडा 'लोक सांगतात' या शब्दांसकट लिहा.

शेवटी निष्कर्षात सापडलेल्या सर्वांत जुन्या छापील उल्लेखाची तारीख आणि पान क्रमांक द्या. त्याखाली कचराळी, उपवन, सिद्धेश्वर, रायलादेवी, आंबेघोसाळे अशी स्वतः पाहिलेली तळी नावानिशी लिहा.