चालताना बोटं सुजतात? काय करायचं, काय टाळायचं

ठाण्यात उपवन तलावाभोवती किंवा नवी मुंबईत पामबीच रोडवर अर्धा-पाऊण तास झपझप चाललं की अनेकांची बोटं फुगतात, मूठ नीट वळत नाही, अंगठी रुतते. दोन्ही हात सारखेच सुजत असतील, दुखत नसतील आणि थांबल्यावर सूज आपोआप उतरत असेल, तर घाबरू नका.

चालताना रक्त पायांचे स्नायू, हृदय आणि फुप्फुसांकडे जास्त वळतं. हातांचा वाटा घटतो आणि त्यावर उपाय म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, असं मानलं जातं. अंग तापलं की उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडेही धावतं. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग लवकर निवत नाही, म्हणून मे आणि ऑक्टोबरमध्ये हा त्रास जास्त जाणवतो.

निघण्यापूर्वी अंगठ्या, कडं, घट्ट बांगड्या घरीच काढून ठेवा. घड्याळाच्या पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. येऊरच्या डोंगरावर सॅक घेऊन जात असाल तर कमरेचा पट्टा बांधा, म्हणजे खांद्याचे पट्टे काखेत रुतणार नाहीत.

चालताना कोपरं वाकवून हात हलवा. मोबाइल मुठीत आवळून धरू नका. दर दहा मिनिटांनी दोन्ही हात डोक्यावर न्या, बोटं पूर्ण फाकवा, मग घट्ट मूठ वळा, असं 15 वेळा. मग खांद्यापासून हात 10 वेळा पुढे, 10 वेळा मागे गोल फिरवा. मूठ उघडझाप करणं टाळू नका: स्नायू आवळले की शिरांमधलं रक्त हृदयाकडे ढकललं जातं. नुसते हात वर धरून तेवढा फरक पडत नाही.

अंगठी अडकलीच तर ओढू नका, ओढण्यानेच सांधा आणखी सुजतो. हात पाचेक मिनिटं छातीच्या वर धरा, बोट गार पाण्यात बुडवा, साबण लावा आणि अंगठी गोल फिरवत हळूहळू सरकवा. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं तर ताबडतोब दवाखाना गाठा. अंगठी कापावी लागली तरी चालेल, बोट महत्त्वाचं.

पाण्याबाबत दोन्ही टोकं चुकीची. सूज दिसली म्हणून पाणी तोडू नका, आणि तहान नसताना बाटल्याही रिचवू नका. तासाभराच्या चालण्याला तहानेइतकं पाणी पुरतं. मॅरेथॉनसारख्या लांब पल्ल्यात मात्र नुसतं पाणी फार प्यायल्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. तिथे ओआरएस घ्या, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवून. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सुजलेल्या बोटांसोबत उलटी, तीव्र डोकेदुखी किंवा गोंधळल्यासारखं होत असेल तर आणखी पाणी न पाजता 108 वर फोन करा.

एकच हात सुजला, लाल झाला, दुखतोय, सूज दुसऱ्या दिवशीही आहे, चेहरा-पाय सुजलेत किंवा धाप लागतेय, तर डॉक्टरांकडे जा. गरोदर स्त्रियांनी आणि स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या गाठी काढलेल्यांनी हातावरची सूज घरी निस्तरू नये. अंगावर गांध्या उठून ओठ किंवा जीभ सुजली तर ती ॲलर्जी असू शकते. तेव्हा एक मिनिटही न दवडता जवळचं रुग्णालय गाठा.