लिस्प सर्व्हरमध्ये आउटपुट स्ट्रीमच्या त्रुटी कशा हाताळाव्यात

लासलगावच्या लिलावातील कांद्याचे भाव मोबाइलवर पाठवणारा एक छोटा सर्व्हर नाशिकमध्ये कॉमन लिस्पमध्ये लिहिला आहे, असे धरून चालू. एखादा व्यापारी यादी अर्धवट उतरली असतानाच ॲप बंद करतो, सर्व्हर मात्र लिहीतच राहतो, आणि त्या लेखनातून ‘स्ट्रीम-एरर’ ही त्रुटी, म्हणजे स्ट्रीमवर (डेटा लिहिण्या-वाचण्याच्या प्रवाहावर) आलेली अडचण, उद्भवते. ती कुणीच पकडली नाही आणि एसबीसीएल (कॉमन लिस्प चालवणारी एक प्रणाली) डीबगर बंद ठेवून चालवलेले असेल, तर संपूर्ण प्रोसेस थांबते. एका व्यापाऱ्याने ॲप मिटले म्हणून बाकी सर्वांचे भाव बंद पडावेत, हे मुळीच मान्य करता येणार नाही.

प्रथम, प्रत्येक जोडणीचे काम एका स्वतंत्र फंक्शनमध्ये घेऊन त्याभोवती ‘हँडलर-बाइंड’ लावावे, म्हणजे त्रुटी येताच चालणारे फंक्शन (हँडलर) जोडता येते. सरसकट ‘एरर’ पकडण्याचा मोह टाळावा, कारण त्यात प्रोग्राममधील खऱ्या चुकाही झाकल्या जातात. केवळ ‘स्ट्रीम-एरर’ पकडणेही पुरेसे नाही. डिस्क भरल्यामुळे लॉग फाइलमध्ये लिहिता आले नाही, तरी त्रुटी त्याच प्रकारची येऊ शकते. म्हणून ‘स्ट्रीम-एरर-स्ट्रीम’ने मिळणारी स्ट्रीम त्याच ग्राहकाची आहे का, हे ‘इक्यू’ने (दोन्ही एकच वस्तू आहेत का हे पाहणाऱ्या फंक्शनने) तपासावे. असेल तर ‘रिटर्न-फ्रॉम’ने बाहेर पडावे, नसेल तर हँडलरने काहीही न करता परतावे, म्हणजे त्रुटी पुढच्या हँडलरकडे जाते. ‘हँडलर-केस’ या दुसऱ्या पर्यायात हँडलर चालण्याआधीच स्टॅक (चालू फंक्शनांची साखळी) उलगडलेला असल्याने ही सोय राहत नाही.

यानंतर बफरकडे, म्हणजे पाठवण्याआधी मजकूर साठवणाऱ्या तात्पुरत्या जागेकडे, लक्ष द्यावे, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. ‘फॉरमॅट’ने लिहिलेला मजकूर लगेच नेटवर्कवर जात नाही, त्यामुळे त्रुटी पुष्कळदा लिहिताना न येता स्ट्रीम बंद करताना, म्हणजे हँडलरच्या कक्षेबाहेर, प्रकट होते. उत्तर संपताच, हँडलरच्या आतच, बफर रिकामा करणारे ‘फिनिश-आउटपुट’ बोलवावे.

सफाई ‘अनवाइंड-प्रोटेक्ट’मध्ये (त्रुटी आली तरी चालणाऱ्या भागात) ठेवावी आणि तिथे ‘क्लोज’ला ‘अबॉर्ट’ हा पर्याय सत्य द्यावा. साधे ‘क्लोज’ उरलेला बफर पुन्हा पाठवू पाहते आणि सफाईतच दुसरी त्रुटी उभी राहते.

मराठी मजकूर पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जपावी. स्ट्रीम लॅटिन-१ मध्ये (देवनागरी नसलेल्या अक्षरसंकेतात) उघडलेली असेल, तर देवनागरी अक्षर लिहिताना एसबीसीएलमध्ये येणारी एन्कोडिंगची त्रुटीही ‘स्ट्रीम-एरर’चाच उपप्रकार असते, आणि ती ग्राहकाच्याच स्ट्रीमवर येते. ती स्वतंत्रपणे नोंदवावी, नाहीतर ‘ग्राहक निघून गेला’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. स्ट्रीम उघडतानाच यूटीएफ-८ स्पष्टपणे सांगावे.

चाचणी घेताना मोठे उत्तर मागून जोडणी मध्येच तोडावी. छोट्या उत्तराने काही कळत नाही. समोरच्याने सॉकेट बंद केल्यानंतरचे पहिले लेखन बहुधा यशस्वीच दिसते, आणि त्याच्याकडून रीसेट (जोडणी संपल्याचा संदेश) आल्यावरचे पुढचे लेखन अपयशी ठरते. कसारा घाटात मोबाइलचे नेटवर्क गेले, तर तो रीसेटही येत नाही आणि लिनक्स साधारण १५ मिनिटे पुन्हापुन्हा पाठवत राहते. म्हणून सॉकेटवर लेखनाची कालमर्यादा वेगळी घालावी.