पत्र्यावरचे वळ : ल्यूडर्स पट्टे कसे ओळखावेत

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कमी कार्बनचा पत्रा प्रेसमध्ये दाबणाऱ्यांना कधीकधी गुळगुळीत भागावर ज्वाळांसारखे तिरपे वळ उठलेले दिसतात. दोष डायचा (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचा) समजून ती घासत बसण्याआधी पुढील चाचणी करावी.

त्याच पत्र्यातून दोन सारख्या पट्ट्या कापाव्यात, त्या पॉलिश पेपरने चकचकीत कराव्यात आणि पहिली पट्टी यूटीएमवर (नमुना जबड्यांत धरून ताणणाऱ्या चाचणी यंत्रावर) अगदी सावकाश ओढावी. वाढता भार एकाएकी घसरला, मग लांबी एक ते तीन टक्के वाढेपर्यंत जवळपास स्थिर राहिला, आणि त्याच वेळी पट्टीच्या अक्षाशी सुमारे 45 ते 50 अंशांचा कोन करणारा अंधुक पट्टा पुढे सरकताना दिसला, तर तो ल्यूडर्स पट्टा होय. त्याच्या मागचे पोलाद ताणले गेलेले असते, पुढचे मात्र जसेच्या तसे असते.

याचे मूळ स्फटिकांतील विस्थापने नावाच्या रेषीय दोषांत आहे. कॉट्रेल आणि बिल्बी यांनी 1949 मध्ये मांडल्याप्रमाणे कार्बन व नायट्रोजनचे अणू या दोषांभोवती गोळा होऊन त्यांना जखडतात. जबड्याजवळ ताण एकवटला की तेथे मोकळी विस्थापने झपाट्याने वाढतात, त्यांना कमी ताण पुरतो, आणि शेजारचे स्फटिककण पाळीपाळीने त्यात ओढले जातात. म्हणजे दोष असण्याने नव्हे, तर ते जखडलेले असण्याने विरूपण असमान होते.

याची खात्री करता येते. पट्टा पूर्ण सरकल्यावर पट्टी आणखी थोडी ताणून भार काढावा व लगेच पुन्हा ओढावी. भार घसरत नाही. दुसरी पट्टी तितकीच ताणून तासभर उकळत्या पाण्यात ठेवावी आणि मगच ओढावी. घसरण परत येते, कारण कार्बन पुन्हा विस्थापनांपर्यंत पोचलेला असतो.

कारखान्यात यावर उपाय म्हणजे सुमारे एक टक्क्याचा स्किन पास, म्हणजे पत्रा रोलरांमधून हलकासा दाबून काढणे. त्याने विस्थापने मोकळी होतात, पण हा गुण टिकाऊ नाही. कार्बनचे विसरण (अणूंचे पोलादातून सरकणे) 27 अंशांच्या तुलनेत 47 अंशांना अंदाजे आठपट वेगाने होते, आणि मे महिन्यात टिनाच्या शेडखाली ठेवलेली पत्र्याची गुंडाळी (कॉइल) याहून थंड असेल असे नागपूरकर तरी म्हणणार नाही. म्हणून उन्हाळ्यात जुना साठा आधी वापरावा, आणि तो फार दिवस पडून असेल तर दाबण्याच्या अगदी आधी रोलर लेव्हलरमधून (पत्रा रोलरांमध्ये वरखाली वाकवून सपाट करणाऱ्या यंत्रातून) काढावा.