फ्रीस्टँडिंग लेस धुताना सुटते? या चुका पाण्याच्या आधीच टाळा

कापड नाही, टाक्याला टाक्याचाच आधार, एवढंच फ्रीस्टँडिंग लेसचं गणित. विरघळणाऱ्या पेपरवर भरतकामाचं मशीन टाके घालतं, पेपर पाण्यात जातो आणि मागे उरते निव्वळ दोऱ्याची जाळी. म्हणूनच कापडावर खपून जाणारी चूक इथे खपत नाही. ब्लाउजच्या पाठीवरच्या मोराची कड एक मिलिमीटर सरकली तरी मोर मोरच राहतो. लेसमध्ये तेवढ्यानं कड जाळीपासून सुटून लोंबते. हे दिसतं मात्र लेस धुतल्यावर, त्यामुळे बिल पाण्याच्या नावावर फाटतं.

डिझाइन लेसचं आहे का?

जाळीदार दिसणारं प्रत्येक डिझाइन लेसचं नसतं. खऱ्या लेस डिझाइनमध्ये मशीन आधी एकमेकांना छेदणाऱ्या साध्या टाक्यांची पायाभूत जाळी विणतं, मग त्यावर झिगझॅग, आणि शेवटी साटिनची, म्हणजे शेजारी-शेजारी दाट बसवलेल्या टाक्यांची कड. सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन टाका-टाका चालवून बघा. साटिनच्या पट्टीच्या दोन्ही बाजू जाळीवर किंवा शेजारच्या टाक्यांवर बसायला हव्यात. दोन पाकळ्या फक्त कडेला कड लावून उभ्या असतील तर पेपर विरघळताच त्या वेगळ्या होणार. त्यावर कुठलाही पेपर, कुठलाही दोरा उपाय नाही.

दुसरी चूक आकार बदलण्याची. पीईएस, जेईएफ, डीएसटी या भरतकाम मशीनच्या फायलींमध्ये चित्र नसतं, टाके असतात. कानातल्यांचं डिझाइन मशीनच्या पडद्यावर २० टक्के लहान केलं आणि टाक्यांची संख्या तीच राहिली, तर सुई त्याच जागी पुन्हा पुन्हा भोसकते आणि पेपर चाळणीसारखा होतो. मोठं केलं तर टाके विरळ होतात. टाके नव्यानं मोजून देणारं सॉफ्टवेअर असलं तरी लेसमधले एका टाक्याचे सांधे हलतातच. लहान कानातली हवी असतील तर लहान मापाचं डिझाइन घ्या. लेस १०० टक्क्यांवरच बरी.

पेपर: सगळ्यात जास्त घोटाळा इथे

दुकानात 'वॉटर सोल्यूबल' म्हणून तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली पातळ प्लॅस्टिकसारखी फिल्म, साधारण २० मायक्रॉनची. ती टॉवेलवर भरतकाम करताना वरून अंथरायची. लेसला ती चालत नाही, शंभर-दोनशे टाक्यांत फाटते. दुसरी तशीच पण जाड फिल्म, ८० मायक्रॉनच्या आसपास. ती लेसला चालते. तिसरा कापडासारखा दिसणारा तंतुमय पेपर. घरगुती मशीनवर सगळ्यात भरवशाचा हाच, पण दोन थर लावून. दुसरा थर पहिल्याला आडवा, म्हणजे ९० अंशात फिरवून ठेवा. पेपर एका दिशेला जास्त ताणला जातो. असं ठेवल्यावर दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात.

याच तंतुमय पेपरात एक जुळा भाऊ असतो, गरम पाण्यात विरघळणारा. साडीच्या दुकानात 'जीपीओ लेस' म्हणून जी मिळते ती मुळात गिप्यूर, म्हणजे अशीच कापडाविना लेस, आणि ती शिफली नावाच्या कारखान्यातल्या मोठ्या भरतकाम मशीनवर बनते. या प्रकारच्या लेसचं तंत्र १८८० च्या दशकात जर्मनीतल्या प्लाउएन आणि स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेनच्या परिसरात रुजलं. तेव्हा खालचं कापड रसायनानं जाळून काढत, आता पीव्हीएचा (पाण्यात विरघळणाऱ्या प्लॅस्टिकचा) पेपर विरघळवतात. कारखान्यात ८०-९० अंशांचं पाणी सहज मिळतं, म्हणून तिथला पेपर त्या तापमानाला विरघळणारा असतो. सुट्या मीटरवर विकताना तोच घरगुती गिऱ्हाइकाच्या हाती येऊ शकतो. मग कोमट पाण्यात कितीही चोळा, तो फक्त मऊ होतो आणि लेसला चिकटून बसतो. खरेदीनंतर एक इंचाचा तुकडा वाटीभर नळाच्या पाण्यात टाकून बघा. थंड पाण्याचा पेपर थोड्याच वेळात दिसेनासा होतो. ओल्या रुमालासारखा तसाच राहिला तर तो कारखान्याचा माल आहे.

हूपमधून पेपर सरकतो

पीव्हीएचा पेपर गुळगुळीत असतो, प्लॅस्टिकच्या हूपमधून, म्हणजे पेपर ताणून धरणाऱ्या चौकटीतून, आत ओढला जातो. हजारो टाके त्याला मध्याकडे खेचत असतात. पायाची जाळी पडली तेव्हा पेपर जागेवर होता, कड पडली तेव्हा दीड मिलिमीटर आत आला, आणि कड जाळीच्या बाहेर पडली. लेस सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

हूपच्या आतल्या कड्याला सुती बायस पट्टी घट्ट गुंडाळा, पकड लगेच वाढते. पेपर चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर बाहेर राहू द्या. स्क्रू आवळल्यावर बोटानं टिचकी मारा, डफासारखा आवाज आला पाहिजे. आवळून झाल्यावर मात्र कडा धरून ओढू नका. ओढलेली फिल्म हूप सोडताच आखडते आणि गोल लेस अंडाकृती होते. हूपमध्ये जागा वाचवायला एकावेळी सहा कानातली दाटीनं बसवण्याचा मोहही टाळा. आधीच्या टाक्यांनी पेपर ढिला झालेला असतो, आणि शेवटचा जोड बहुतेक वेळा पहिल्या जोडाशी मापात जुळत नाही.

बॉबिन, सुई, टेन्शन

कापडावर भरताना बॉबिनमध्ये पातळ पांढरा दोरा घालायची सवय असते. लेसला दोन्ही बाजू दिसतात, म्हणून वर जो ४० वजनाचा (हा दोऱ्याच्या जाडीचा आकडा) पॉलिएस्टर किंवा रेयॉन दोरा, तोच बॉबिनमध्ये भरा, आणि मंद गतीनं भरा. भराभर गुंडाळला तर तो ताणून बसतो.

जाड दोरा आला की बॉबिनची ओढ वाढते आणि खाली वरच्या दोऱ्याचे फासे दिसू लागतात. बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावण्याआधी वरचा दोरा पुन्हा ओवा, आणि फूट (सुईजवळचा दाबपट्टा) वर उचलूनच ओवा. फूट खाली असेल तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात जातच नाही आणि खाली गुंता होतो. त्यानंतरही गडबड राहिली तर एक तपासणी करा. वर आणि खाली एकच रंग असला की दोष कोणाचा हे कळत नाही. म्हणून वर पांढरा, बॉबिनमध्ये लाल घालून साटिनची एक छोटी पट्टी भरा. वरच्या बाजूला लाल ठिपके आले तर वरचं टेन्शन जास्त, ते कमी करा. खाली पांढरे फासे आले तर वरचं वाढवा. वरच्या आकड्यानं भागलंच नाही, तरच बॉबिनचा स्क्रू फिरवा: आधी मार्करनं मूळ जागेची खूण, मग एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग.

सुई ७५/११, टोकदार किंवा एम्ब्रॉयडरीची. बॉलपॉइंट नको. ९०/१४ सुई पेपरला मोठी भोकं पाडते, ती फक्त जरीच्या दोऱ्यासाठी ठेवा. जरी बॉबिनमध्ये घालू नका, तिथे त्याच रंगाचा पॉलिएस्टर चालतो. गती मिनिटाला ४०० ते ६०० टाके. मशीन ८०० देतं म्हणून ८०० वर पळवायचं नसतं.

पेपर मध्येच फाटला तर घाबरून हूप मशीनवरून काढू नका. खालून पेपरचा मोठा तुकडा सरकवा, गरज वाटली तर फाटक्या जागेपासून लांब, कोपऱ्यांना ओलं बोट लावून चिकटवा, डिझाइन थोडं मागे घ्या आणि पुढे चला. बॉबिन संपल्यावरही दहा-पंधरा टाके मागे जाऊनच सुरुवात करा. तसं नाही केलं तर नेमक्या तिथे लेसला भोक पडतं.

हूप सोडण्याआधी उजेडाला धरा

हूप मशीनवरून निघाला तरी पेपर हूपमध्येच असू द्या, आणि तो खिडकीशी धरा. कड आणि जाळी यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसली तर तिथे लेस सुटणार. हूप परत चढवून फक्त कडेचा रंग पुन्हा भरला तर काम भागतं. एका भागातून दुसऱ्या भागात उडी मारलेले दोरे दोन्ही बाजूंनी आत्ताच कापा. ओल्या लेसमध्ये ते टाक्यांत गुंततात आणि चुकून टाकाच कापला जातो.

धुणं आणि वाळवणं

टाक्यांपासून पाच मिलिमीटर सोडून पेपर कापा. कात्रणं ठेवून द्या. मग कोमट पाणी. इथे लक्षात ठेवायचं ते असं की विरघळलेला पीव्हीए म्हणजे खळच. तोरणाचं फूल किंवा कानातली ताठ हवी असतील तर पेपर दिसेनासा होताच बाहेर काढा. ब्लाउजच्या बाहीला लावायची लेस अंगाला टोचायला नको, तर पाणी दोन-तीनदा बदला आणि पंधरा-वीस मिनिटं भिजवा. बोटांना बुळबुळीत लागेपर्यंत खळ शिल्लक आहे. रेयॉन ओला असताना कमजोर होतो, तो चोळू-पिळू नका. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा.

वाळवताना लेस थर्मोकोलवर सपाट ठेवून न गंजणाऱ्या टाचण्यांनी टाचा. वाटीसारख्या वस्तूचे तुकडे असतील तर सगळे एकत्रच भिजवा आणि एकत्रच टाचा. एक तुकडा जास्त वेळ भिजला की वाळून वेगळ्या मापाचा होतो आणि कडा जुळत नाहीत. इस्त्री किंचित दमट असताना, वर सुती कापड ठेवून. पॉलिएस्टरला मंद.

पावसाळा

जून ते सप्टेंबर कोकणात, गोव्यात हवेतली ओल पेपर शोषून घेतो. उघडी गुंडाळी लिबलिबीत होते आणि हूपमध्ये ताणच धरत नाही. झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, भरायचं असेल तेव्हाच काढा. थंडीत उलट होतं, जाड फिल्म कोरडी पडून तडकते. तेव्हा ती रात्रभर ओल्या टॉवेलशेजारी, पण त्याला न टेकवता, ठेवली की नरमते.

तयार लेसही पावसात मान टाकते, कारण आतली खळ ओली होते. बाजूला ठेवलेली कात्रणं आता कामाला येतात. मूठभर कात्रणं अर्धा कप कोमट पाण्यात विरघळवा, ब्रशनं लेसच्या मागच्या बाजूला लावा आणि पुन्हा टाचून वाळवा. जिथे कड सुटली असेल तिथे आधी हूपमध्ये पेपरचा नवा थर ताणा, लेस त्यावर ओल्या बोटानं चिकटवा, त्याच दोऱ्यानं बारीक झिगझॅग मारून जोडा आणि पुन्हा धुवा.